संख्याशास्त्राची पाटी बदलून काय होणार?

आमच्या एमएस्सीच्या ग्रुपवर तीन दिवस एकच चाललंय, पुणे विद्यापीठातल्या आपल्या डिपार्टमेंटचं 'संख्याशास्त्र' हे नाव काढा, 'डेटा सायन्स' लावा, ॲडमिशन आपोआप वाढतील. जो तो अंगठा देतोय. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचलं आणि डोकंच फिरलं. अरे, पाटी बदलली की पोरं येतीलही, पण आपण नेमकं करतो काय हे लोकांना कधी सांगणार?

इथे ब्रिटनमध्ये सॅली क्लार्कची केस झाली. दोन तान्ही बाळं गेली, आईवर खुनाचा आरोप. कोर्टात एका नावाजलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, एका घरात दोन बाळं अशी अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत १. काढली कशी, तर एका बाळाची शक्यता ८,५४३ त १ धरली आणि ८,५४३ ला ८,५४३ ने गुणलं, बस. म्हणजे दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंधच नाही असं धरून चालले! सख्खी भावंडं ती, आनुवंशिक काही असू शकतं हे फर्स्ट इयरच्या पोरालाही सुचेल. १९९९ ला तिला जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने, म्हणजे इथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने, जाहीर पत्रक काढलं की या आकड्याला संख्याशास्त्रात आधार नाही. २००३ ला ती सुटली, त्यामागे आधी कोर्टाला न दाखवलेले मेडिकल रिपोर्टही होते, मान्य, पण आमची माणसं गप्प बसली नाहीत हे मला महत्त्वाचं वाटतं. २०१७ ला ब्रेक्झिट झालं की आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रिटनच्या हातात राहतील या दाव्यावरून सरकारी आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीच्या अध्यक्षांनी थेट परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

हे ग्रुपवर टाकलं तर एका मैत्रिणीने लगेच सुनावलं, २०१९ ला भारतात बेरोजगारीचा सर्व्हे जाहीर व्हायचा अडकला तेव्हा राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले की, तेव्हा तू काय केलंस?

काहीच नाही. बातमी वाचली, वाईट वाटलं आणि कामाला लागलो. तिला उत्तर टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं. संख्याशास्त्रज्ञ हुजूरबाजार केंब्रिजला शिकून परत गेले आणि १९५३ ला पुणे विद्यापीठात हा विषय उभा केला, मी दोन वर्षांसाठी म्हणून आलो तो इथलाच झालो आणि तिकडच्या पाटीवरून भांडतोय. रविवारी आत्याने फोनवर विचारलं, तू नक्की करतोस काय रे तिकडे, तर 'डेटाचं काम' म्हणून मोकळा झालो.