दोन केळ्यांचं ॲव्हरेज

सोमवारी सकाळी साडेसातला मेहुण्याचा फोन आला. एरवी तो कोणी गेलं तरच फोन करतो, म्हणून मी 'कोण?' असं विचारणार, तेवढ्यात तोच कापऱ्या आवाजात म्हणाला, "भावोजी, पायांना काय झालं तुमच्या? आम्हाला कळवायचं तरी!"

माझ्या पायांना काहीही झालेलं नाही. पोटऱ्या दुखतायत, पण त्या आरेच्या चढामुळे. तरी माझे पाय गेल्याची बातमी एका दिवसात डोंबिवली, सांगली आणि न्यू जर्सीला पोहोचली, फोटोसकट. तो फोटो कोणी काढला ते सांगतो, पण आधी वाहनाविषयी सांगावं लागेल आणि नेमकं तिथेच लोक ऐकायचं सोडतात.

वेलोमोबिल म्हणजे पाय पुढे पसरून, पाठ टेकून चालवायची तीन चाकी सायकल आणि तिच्यावर माशासारखं कवच. दोन चाकं पुढे, एक मागे. युरोपात ती कार्बन फायबरची मिळते. तिची किंमत मी घरी सांगितली तेव्हा बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला. मग साकीनाक्याच्या एका फॅब्रिकेटरकडून सांगाडा वेल्डिंग करून घेतला आणि कवचाला सनपॅक वापरलं. निवडणुकीचे बोर्ड ज्याचे असतात ना, ते पोकळ नळ्यांचं प्लास्टिक. निकालानंतर ते फुकट मिळतं, हरलेल्या उमेदवाराचं तर घरपोच. छापील बाजू मी लाजेकाजेस्तव आत घेतली. त्यामुळे चालवताना माझ्या डाव्या मांडीपाशी कोणाचे तरी जोडलेले हात असतात आणि उजव्या कानाशी 'आपला हक्काचा' एवढंच. पुढचं चाकाच्या कमानीत कापलं गेलं. वजन ३८ किलो. माझं वेगळं.

हे खूळ मूळचं भाच्याचं. तो नेदरलँडमध्ये असतो. त्याने एक व्हिडिओ पाठवला होता : विया क्लाउडिया ऑगस्टा या जुन्या रोमन वाटेने आल्प्स ओलांडून इटलीत उतरणारे वेलोमोबिलवाले. नदीच्या काठाकाठाने दरीतून जाणारा डांबरी सायकलरस्ता, दोन्हीकडे सफरचंदाच्या बागा, रेशेन खिंडीजवळचा तलाव आणि १९५० साली त्यात बुडालेल्या गावाच्या चर्चचा मनोरा पाण्यातून एकटाच वर आलेला. मी म्हटलं, आपल्याकडे काय दऱ्या कमी आहेत? माळशेज आहे, ताम्हिणी आहे.

व्हिडिओत नसलेलं भाच्याने मागाहून सांगितलं. डांबर संपून खडी लागली की या वाहनाचा राजा भिकारी होतो. जोर मागच्या एकट्या चाकाला आणि वजन बहुतेक पुढे, त्यामुळे खडीच्या चढावर ते चाक जागच्या जागी गरगरतं. साध्या सायकलने खड्डा चुकवता येतो. ही तीन रेघांत चालते, एक खड्डा चुकवला की उरलेल्या दोघांना वाटणी मिळते. पोट जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही. लांब उतारावर ड्रम ब्रेक तापतात आणि चढावर आत वारा लागत नाही, म्हणजे माणूस मोदकासारखा वाफेवर. "मामा, आधी जवळपास सवय कर," तो म्हणाला.

गोरेगावकराला जवळपास म्हणजे आरे. रविवारी सहाला निघालो. तबेल्यांच्या युनिटांपर्यंत सगळं मजेत. बसायची जागा जमिनीपासून फूटभर उंच असल्यामुळे रिक्षांचे सायलेन्सर थेट नाकाशी येतात आणि कुत्री आपल्याला बरोबरीच्या नात्याने वागवतात, पण ते चालायचंच. पुढे पाड्याकडे जाणारी कच्ची वाट दिसली. मला ती आल्प्ससारखी वाटली. चूक माझीच. दोनशे मीटरवर कोणीतरी पाइपासाठी आडवा चर खणून त्यावर मातीची वरंब घातली होती. पुढची चाकं पार झाली, पोट टेकलं, मागचं चाक हवेत. डावं चाक घसरून गटाराच्या कडेला गेलं आणि मी तिरका. बूट पेडलला क्लिपने अडकलेले. उठायचं तर दोन्ही कडांवर हात दाबावे लागतात, आणि दाबले तर सनपॅक मोडतं. थोडक्यात, कोणीतरी धरल्याशिवाय मी बाहेर येणार नव्हतो.

आणि कोणीतरी आलं. तीस डिग्रीत कानटोपी, पांढरे कॅनव्हासचे बूट, एका हातात काठी, दुसऱ्यात कारल्याच्या रसाचा थर्मास. ते थांबले. वाहनाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग वाकून आत बघितलं.

"ॲव्हरेज काय देते?"

"काका, ही पायाने चालवायची आहे. जरा इकडून धरता का?"

"ते कळलं हो. पण देते किती?"

"दोन केळ्यांत पंधरा किलोमीटर," मी वैतागून म्हणालो.

माझी चूक झाली. काका काठी टेकून गणित करू लागले. "साठ रुपये डझन. म्हणजे पाचाला एक. दहा रुपयांत पंधरा किलोमीटर... सीएनजीपेक्षा स्वस्त आहे." एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. लगेच मावळला. "पण वेलची केळी घेतली तर नाही परवडणार."

"काका, फक्त हे टोक—"

"रिव्हर्स आहे का?"

"नाही."

"हॅ! मग घाटात काय करणार? मूळ गाव कुठलं तुमचं?"

या प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. मी गाव सांगितलं. त्यांना त्या गावातले एक फडके माहीत होते. मला नव्हते. याचा त्यांना रिव्हर्स नसण्यापेक्षा जास्त धक्का बसला. चार मिनिटं फडक्यांवर गेली. ते अतिशय सज्जन होते आणि त्यांच्या मुलाने घर विकलं, एवढं मला आता ठाऊक आहे.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "इथे बिबट्या फिरतो, माहीत आहे ना?"

"हो."

"उभ्या माणसाला तो सहसा काही करत नाही. पण तुमची उंची..." त्यांनी जमिनीपासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत हाताने माप घेतलं. "बरोबर त्याच्या तोंडाशी येते."

हे बोलून झाल्यावर त्यांनी कारल्याचा रस पुढे केला. मी घेतला. दोन्ही हात कडा सांभाळण्यात गुंतलेले, म्हणून त्यांनीच झाकणाने पाजला. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

अशा काकांची परंपरा जुनी असणार. शार्ल मोशे नावाच्या फ्रेंच माणसाने अशी पाय पसरून चालवायची सायकल बनवली, आणि १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर या सायकलस्वाराने तिच्यावर तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून विक्रम मोडला. जगाच्या सायकल महासंघाने काय करावं? १९३४ साली व्याख्याच बदलली आणि ही मुळी सायकलच नव्हे असं ठरवून तिला शर्यतींबाहेर काढलं. माझी खात्री आहे, त्या सभेत कोणीतरी कानटोपी घालून बसलं होतं आणि त्याने आधी ॲव्हरेज विचारलं होतं.

तोवर काकांनी मोबाइल काढला. मी "फोटो नको" म्हणत होतो, म्हणून फोटोत माझं तोंड उघडं आहे. एका जॉगरच्या हाती त्यांनी फोन दिला, शिकाऱ्याने वाघावर पाय ठेवावा तसा वाहनाच्या नाकावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकण माझ्या ओठांशी धरलं. जॉगरने तीन फोटो काढले आणि तो धावत गेला. धरायला तोही नाही.

मागून बाइकवर दुधाचे कॅन लादलेला एक भैया आला. थांबला, बाइक स्टँडवर लावली. "बैठे रहिए," एवढंच म्हणाला. शेपटाकडून वाहन माझ्यासकट उचललं, चार पावलं मागे ओढलं, सपाट जागी ठेवलं, लुंगीला हात पुसले आणि गेला. एकही प्रश्न नाही. काका त्याच्या पाठीवर ओरडत होते, "थोडा लेफ्ट, थोडा लेफ्ट!"

दुपारपर्यंत मेसेज फिरायला लागला. तो जसाच्या तसा देतो, कारण मला आता तो पाठ आहे : 'आज आरेमध्ये अडकलेल्या एका दिव्यांग बांधवाची सुटका करण्याचे व त्यास स्वहस्ते रस पाजण्याचे भाग्य लाभले. माणुसकी जिवंत आहे.' खाली हात जोडलेले अकरा. वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला'. आणि फोटोत माझ्या गालामागे 'आपला हक्काचा' इतकं ठळक आलंय, की हरलेल्या उमेदवाराच्या माणसाने तो पुढे त्यांच्या ग्रुपवर टाकला.

हसा. मीही मंगळवारपर्यंत हसत होतो. दिव्यांग म्हटल्याचा राग नाही. त्या सव्वा मीटर रुंदीच्या वाटेवर खरोखर चाकांच्या खुर्चीतून कोणी आलं असतं, तर? ती वरंब तशीच आहे. मी काल पायी जाऊन पाहिली. पाड्यातली म्हातारी माणसं तिच्यावरून रोज चढतात-उतरतात, डोक्यावर काही ना काही घेऊन. त्यांचा फोटो कोणी काढत नाही, रस तर नाहीच. भैयाचाही फोटो नाही. काकांना तो मेसेज लिहायला जेवढा वेळ लागला असेल, तेवढ्या वेळात फावड्याने ती माती सारखी झाली असती. हे मी बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, "मग तू का नाही नेलंस फावडं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बाल्कनीत जाऊन चेनला तेल घातलं.

काल रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. नंबर मेहुण्याने दिला, चौकशीला आलेल्या सगळ्यांना तो देतच होता म्हणे. पलीकडे कानटोपीकाका. त्यांच्या मॉर्निंग वॉक मंडळाने येत्या रविवारी त्यांचा सत्कार ठेवलाय, शाल आणि श्रीफळ. लाभार्थी म्हणून मी हजर असावं, अशी मंडळाची इच्छा.

"काका, माझे पाय उत्तम आहेत."

"असं असेल तर फारच छान! तेही जाहीर करू. कारल्याचा गुण आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "येताना ते यंत्र घेऊनच या. कार्यक्रम त्याच वाटेवर आहे. अडकलात तरी काळजी करू नका, मी आहे ना."