प्लूटोची खोली

कधीकाळी माझी एक कविता छापून आली होती. त्या पापाची फेड म्हणून मला बालकविता स्पर्धेचा परीक्षक नेमण्यात आलं. विषय 'माझं घर आणि जग', म्हणजे चपलेपासून चंद्रापर्यंत काहीही.

गठ्ठा सोडला आणि आधी जगानेच गाठलं. प्रदूषण आलं की पुढच्या ओळीत भूषण, युद्ध आलं की बुद्ध. दुसरीतलं पोर 'वसुंधरेचे अश्रू' पुसायला लागलं की ओळखावं, पेन्सिल पोराची आणि हात आईचा. (अशा कवितांत अक्षरही एकदम वळणदार होतं.)

सगळी अवदसा यमकाची. केनेथ कोक हा अमेरिकन कवी १९६८ पासून न्यूयॉर्कच्या एका शाळेत मुलांकडून कविता लिहून घ्यायचा. त्याने यमकाला सरळ फाटा दिला आणि प्रत्येक ओळीत एकेक इच्छा मागायला लावली. मुलं सुटलीच! आमच्या नियमावलीत मात्र 'यमक आवश्यक' असं ठळक छापलेलं. मग एका प्रामाणिक कवीने मांजराला 'पांजर' जुळवलं आणि खाली टीप दिली : 'पांजर म्हणजे काही नाही.' हे वाचून मी उठून पाणी प्यायलो. एवढा खरेपणा मोठ्या कवींनी दाखवला तर अर्धे संग्रह तळटिपांनीच भरतील.

कविता स्वतःचीच आहे ना, हे तपासायला शेवटच्या फेरीत मुलांशी बोलायचं होतं. एकाने लिहिलं होतं :

प्लूटोला २००६ साली ग्रहांमधून काढले
त्याला कोणी विचारले का? नुसते नाव खोडले!

मी परीक्षकी आवाजात समजावलं, "अरे, ग्रह व्हायचं तर आपल्या कक्षेच्या आजूबाजूचा परिसर मोकळा करावा लागतो. प्लूटोने तो केलेला नाही."

तो बघतच राहिला. "म्हणजे खोली आवरली नाही म्हणून घराबाहेर?"

खगोलशास्त्रज्ञांच्या वतीने मला काहीही बोलता येईना. मागे उभी असलेली त्याची आई मात्र म्हणाली, "बघ! मी काय सांगत असते?"

दुसरं बक्षीस प्लूटोला दिलं. पहिलं एका मुलीला, आणि ती कविता तिने मंचावर खणखणीत म्हणून दाखवली :

बाबा म्हणती, "मोबाइल ठेव, डोळे जातील फुटून"
आणि स्वतः बघत बसती रात्री दोनला उठून!

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मोबाइलवर शूटिंग करणारे बाबासुद्धा मोठ्या मनाने हसले. शेजारी बसलेल्या तिच्या आईने तेवढं विचारलं, "दोनला?"