हुकूमनामा हाती आहे, पैसे मात्र नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमच्या यजमानांनी एका फर्निचरच्या शोरूमसाठी काम केलं, 1 लाख 80 हजार रुपये अडकले, दावा लावला, जिंकलात आणि तीन वर्षांत रुपया मिळाला नाही. कोर्टाची जप्ती बजावणारा बेलिफ त्या शोरूमवाल्याच्या घरी गेला आणि ‘जप्त करण्यासारखं काही मिळालं नाही’ असा रिपोर्ट देऊन परतला. घर बायकोच्या नावावर, शोरूम मात्र जोरात सुरू. म्हणून तुम्ही विचारता की हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा लेखी आदेश, फ्रेम करून भिंतीला लावायचा का. ‘दावा लावायला घाबरू नका’ असं लिहून मी लोकांना खोटी आशा दाखवतो, त्यापेक्षा वसुलीवाली पोरं परवडली, असंही तुम्ही म्हणता.

तुमचा राग रास्त आहे. आपल्याकडच्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1872 सालीच म्हटलं होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आकडा आला तो देशभरात 8 लाख 82 हजारांहून जास्त दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेले अर्ज, पडून असल्याचा, आणि त्यात सगळ्यात पुढे आपला महाराष्ट्र. घाम गाळलेल्या माणसाला जिंकल्यावरही असं ताटकळत ठेवणं ही व्यवस्थेची लाजिरवाणी गोष्ट आहे. पण ‘खोटी आशा’ हे मला मान्य नाही, कारण तुम्ही सांगितलेल्या हकिकतीतच पैसे कुठे आहेत ते दिसतंय.

माझी नोकरी दिवाणी कोर्टाच्या नाझर विभागात, म्हणजे जप्तीची वॉरंटं बजावणाऱ्या विभागात, गेली. जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट निघतं तेव्हा बेलिफ त्यावरच्या पत्त्यावर जातो, दुसरीकडे कुठे चौकशी करत नाही. सूर्यास्तानंतर त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. आत गेला तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांना हात लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने ती वगळली आहेत. मग टीव्ही दिसतो, घरातली बाई म्हणते माझ्या माहेरचा आहे, पंच एकमेकांकडे बघतात, आणि रिपोर्ट कोराच येतो. असे किती रिपोर्ट मी फायलीला लावले! तुमच्या दरखास्तीत पत्ता घराचा दिला होता. शोरूमचा का नाही दिला? तिथला विक्रीचा माल कलम 60 मध्ये येत नाही.

कोर्ट रक्कम ठरवून देतं. ती कुठून वसूल करायची हे दाखवायचं काम जिंकणाऱ्यावरच आहे. माझ्या मते हे उलटं हवं, हुकूमनाम्याबरोबरच हरणाऱ्याकडून मालमत्तेची यादी घ्यायला हवी. ते होईल तेव्हा होईल. आज तुमच्या हातात त्याच संहितेच्या ऑर्डर 21 मधला नियम 41 आहे. हुकूमनाम्याची रक्कम 30 दिवसांत फिटली नाही, तर आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला देणेकऱ्याला सांगा, असा अर्ज करता येतो. कोर्टाने आदेश देऊनही त्याने ते दिलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. हा अर्ज फारच कमी लोक करतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे बँक. यजमानांचं पासबुक काढा. त्या माणसाने कधीकाळी आगाऊ रक्कम चेकने किंवा ऑनलाइन दिली असेल, तर त्या नोंदीवरून बँकेचा माग लागतो. शोरूमच्या काउंटरवर क्यूआर कोड असतो, त्यावर कोणाचं नाव येतं ते बघा. जीएसटी नोंदणी असेल तर पाटीवर तो क्रमांक लिहिणं बंधनकारक आहे. तो पोर्टलवर टाकला की धंदा कायद्याने कोणाच्या नावावर आहे ते कळतं. धंदा त्याच्याच नावावर निघाला, तर खात्यातली रक्कम जप्त करून मागता येते. जागा भाड्याची असेल तर घरमालकाकडच्या डिपॉझिटवरही जप्ती मागता येते. आणि बिल कंपनीच्या किंवा मुलाच्या नावाने निघत असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कारण तिथे हरकत येणार.

घराचं म्हणाल, तर ते बायकोच्या नावावर कधी झालं ही तारीख काढा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघता येतो. यजमानांना द्यायचे पैसे थकवल्यानंतर बक्षीसपत्र झालं असेल, तर धनकोंना बुडवण्यासाठी केलेला व्यवहार म्हणून त्याला आव्हान देता येतं. घर मुळातच तिच्या पैशाचं असेल तर तो नाद सोडा. एक लक्षात घ्या, तुमचा निकाल पुण्यासारख्या ठिकाणच्या लघुवाद न्यायालयाचा, म्हणजे लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या कोर्टाचा असेल, तर ते न्यायालय स्थावरावर, म्हणजे घर-जमिनीवर, अंमलबजावणी करत नाही. त्यासाठी हुकूमनामा नियमित दिवाणी न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो.

अटकेवर फार भिस्त ठेवू नका. ऐपत असून देत नाही हे दाखवावं लागतं, 1980 सालीच सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलं. शिवाय तुरुंगातला त्याचा भत्ता तुम्हालाच भरावा लागतो. आणि वसुलीवाल्या पोरांचं तर मनातून काढून टाका. धमकी दिल्याची एक तक्रार झाली की आरोपी यजमान होतील, आणि तो माणूस फिर्यादी.

वकिलांना विचारा, दरखास्त अजून चालू आहे की निकाली निघाली. निघाली असेल तरी घाबरू नका, हुकूमनाम्यापासून 12 वर्षं मुदत आहे, पुन्हा दाखल करता येईल. फक्त दोन वर्षं उलटल्यामुळे आधी त्या माणसाला नोटीस काढावी लागू शकते. चालू असेल तर सुप्रीम कोर्टाचा 2021 चा राहुल शाह निकाल जोडून लवकर सुनावणीचा अर्ज द्या. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असं त्यात सांगितलंय.

खात्याला किंवा मालाला हात लागला की असे लोक बहुतेक वेळा स्वतःच रोख घेऊन दारात येतात. आले तर घ्या, पण पावती द्या आणि दरखास्तीत तेवढ्याच रकमेची पुरसीस, म्हणजे कोर्टाला कळवणारं लेखी निवेदन, दाखल करा. हप्ते ठरले तर ते कोर्टासमोर, लेखी, सह्यांनिशी. आणि पूर्ण रक्कम व्याजासकट मिळाल्याशिवाय ‘भरून पावलो’वर यजमानांना सही करू देऊ नका.