दोन बोटं, एक मान आणि मुकुट

रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या पॅकहाऊसवर मी हिशेब लिहितो. शेठचा माल दिल्लीला जायचा तोवर सगळं मराठी-हिंदीत निभावत होतं. मग शेठच्या मनात आखात भरलं. कंटेनर न्हावाशेव्याला जाऊ लागले आणि तिकडून मेल येऊ लागले. बी. ए. झालेला मी एकटाच, म्हणून शेठने माझी रवानगी संध्याकाळच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला केली. कृषी सेवा केंद्राच्या माडीवर, पत्र्याखाली, ऐन मे महिन्यात.

सरांनी पहिला धडा शरीराचा घेतला. सोपा असतो म्हणे. नाक, कान, गुडघे दाखवत दाखवत एका संध्याकाळीत माणूस संपला. हाताची बोटं फिंगर आणि पायाची टो, याच्यावर एक पोरगा थोडा अडला. पायाच्या बोटांनी असं काय पाप केलं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. सरांनी तो टाळला.

खरा छळ वाक्प्रचारांपासून. इंग्रज माणूस आयत्या वेळी कच खातो तेव्हा त्याचे पाय गार पडतात. महागाची वस्तू घेताना तो एक हात आणि एक पाय देऊन येतो. त्याला गोड आवडलं तर त्याचा दात गोड. थट्टा करायची तर तो दुसऱ्याचा पाय ओढतो. हा उद्योग आमच्याकडेही आहे, पण तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, आणि त्यात थट्टा नसते. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, त्या जागेला ते फनी बोन म्हणतात. ते हाडच नाही, अल्नर नावाची नस आहे! अंगात २०६ हाडं पडलेली असताना नसेला हाड म्हणायची ही कुठली हौस? आपणही नाकाने कांदे सोलतो, मान्य आहे. पण आपण ते फॉर्मवर लिहून परदेशात पाठवत नाही.

हे सगळं क्लासपुरतं राहिलं असतं. पण केळीच्या धंद्यात इंग्रजीने अख्खं शरीरशास्त्र आणून ठेवलंय. आपण जिला फणी म्हणतो ती त्यांच्याकडे हँड. एक केळं म्हणजे फिंगर. केळ्याच्या देठाला नेक, म्हणजे मान. फणी घडापासून कापतो तिथला जाड भाग क्राउन, म्हणजे मुकुट. युरोपच्या नियमात तर बोट निदान १४ सेंटीमीटर लांब पाहिजे.

शेठचा दंडक असा की मेल वाचताना शहाणपणा करायचा नाही. जसं लिहिलंय तसं मराठीत सांगायचं. एका दुपारी ऊन पंचेचाळिशीकडे चाललेलं, बाया टाकीत तुरटीच्या पाण्याने फण्या धूत होत्या, आणि शेठ जळगावहून फोनवर. मी दंडकाप्रमाणे वाचलं, "हातांची बोटं तुटली आहेत. काहींच्या माना मोडल्या आहेत. मुकुट सडले आहेत."

पलीकडे शांतता. मग शेठ ओरडला, "कोनाच्या माना? अरे भो, आधी सांग, दवाखान्यात कोन हाये?"

"कोनी नाही शेठ. केळी."

"मंग केळी म्हन ना!"

पुढची ओळ खरेदीदाराचे पाय गार पडल्याची होती. म्हणजे पुढच्या कंटेनरला तो का-कू करत होता. तीही मी जशीच्या तशी वाचली. शेठ म्हणाला, "पाय गार? त्याले म्हना, बारा वाजता मह्या बांधावर अनवानी ये."

वास्तविक केळी निघाली तेव्हा ठणठणीत होती. कंटेनरमध्ये १३ अंश ठेवलेलं, १३ किलोची खोकी, सगळं मापात. आता नुकसानीचे पैसे कापू नका असं लिहायचं होतं. शेठने मजकूर सांगितला, मी टाइप केला, आणि दंडक दोन्हीकडून सारखा लागू, हेही त्याने बजावलं. जसं सांगितलं तसं लिहायचं. मजकुरात त्याने काळीज घातलं, कष्ट घातले, आणि शेवटी म्हणाला, "लिही, आमचं पोट हातावर आहे."

मी लिहिलं. हात म्हणजे हँड, पोट म्हणजे स्टमक. सरांच्या पहिल्याच धड्यातले शब्द.

उत्तर संध्याकाळच्या आत आलं. भाषा एकदम नरम, पैशांचा विषयच नाही. हँडवर स्टमक येणं हा दोष त्यांच्या तपासनिसांनी आजवर पाहिलेला नव्हता. तो इतर मालात पसरतो का, अशी विचारणा होती, आणि जवळून काढलेले दोन-तीन फोटो तातडीने पाठवायला सांगितले होते.