एकही चकती फुटताना दिसली नाही

१ ऑक्टोबर २०२३ या दिवशी, म्हणजे रविवारी, हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने ट्रॅप नेमबाजीत, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या बंदुकीने फोडण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक जिंकले. हीच स्पर्धा इंटरनेटवर पाहता यावी म्हणून वर्षभराचे पैसे आगाऊ भरून बसलेल्या माझ्या वाट्याला मात्र ट्रॅपच्या दोन दिवसांत फुटलेली एकही चकती आली नाही. पडद्यावर काय होते, तर चार दिवसांनी सुरू होणाऱ्या क्रिकेट विश्वचषकाची चर्चा, तेच तेच तज्ज्ञ आणि दर पाच मिनिटांनी तीच जाहिरात. सामना चालू असता तर मी एक वेळ समजून घेतले असते. येथे चालू होत्या त्या नुसत्या गप्पा, आणि त्या गप्पांसाठी देशाचे सुवर्ण झाकून टाकले गेले, याचा संताप अजून उतरलेला नाही.

ट्रॅपच्या सांघिक पदकासाठी वेगळी अंतिम फेरी नसते, हे प्रक्षेपण करणाऱ्यांना माहीत असायला हवे होते. पात्रता फेरीत प्रत्येक नेमबाज दोन दिवसांत पंचवीस-पंचवीसच्या पाच फेऱ्या खेळतो, १२५ चकत्यांवर बार टाकतो आणि तिघांची बेरीज हेच संघाचे गुण असतात. किनान चेनाई १२२, जोरावरसिंग संधू १२० आणि पृथ्वीराज तोंडाइमान ११९, अशी मिळून ३७५ पैकी ३६१ ही कमाई झाली. तिघांनी मिळून दोन दिवसांत फक्त चौदा चकत्या सोडल्या! म्हणजे ‘पात्रता फेरी काय दाखवायची’ असे म्हणून जी फेरी वगळली गेली, तिच्यातच हे सुवर्ण होते. दुपारी वैयक्तिक अंतिम फेरी सुरू झाली तेव्हा तरी न्याय होईल असे वाटले होते, पण चेनाईने कांस्यपदक मिळवल्याचे मला पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीवर वाचावे लागले.

त्या पट्टीशेजारचे छायाचित्र पाहून तर तळपायाची आग मस्तकात गेली. पोटावर झोपून कागदी लक्ष्यावर रायफल रोखलेला कोणी एक खेळाडू, आणि वर ठळक अक्षरांत ‘सुवर्णवेध’. माझ्या शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या भाच्याने विचारले, “मामा, गोळी मधोमध लागली की नाही ते का दाखवत नाहीत?” त्याचा दोष नाही, त्याला जे दाखवले त्यावरून त्याने विचारले. ट्रॅपमध्ये मधोमध असे काही नसतेच, आणि गोळीही नसते. बारा बोअरची दुनळी बंदूक असते, काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे असतात, आणि हवेत उडणाऱ्या चकतीचा डोळ्यांना दिसेल एवढा एक तुकडा जरी उडाला तरी गुण मिळतो. गावाकडे ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांना छर्रे आणि गोळी यांतला फरक सांगावा लागत नाही. क्रीडावार्ता लिहून पगार घेणाऱ्यांना तो कळू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

आणि हा खेळ पाहण्यासारखा नाही, असे कोणी सांगू नये. समोरच्या खंदकात पंधरा यंत्रे दडलेली असतात, नेमबाज उभा राहतो त्या प्रत्येक जागेसमोर तीन. तो खांद्याला बंदूक लावून हाक देतो, मायक्रोफोन ती हाक टिपतो आणि त्याच क्षणी त्या तीनपैकी एका यंत्रातून चकती सुटते. ती डावीकडे जाणार, उजवीकडे जाणार की सरळ, उंच की जमिनीलगत, हे त्याला आधी ठाऊक नसते. जेमतेम ११ सेंटिमीटर रुंदीची ती नारिंगी चकती पापणी लवते न लवते तोच लांब निघून गेलेली असते. पात्रता फेरीत एका चकतीवर दोन बार टाकता येतात. अंतिम फेरीत एकच, चुकला की चुकला. लोकांना फुटलेली चकती नीट दिसावी म्हणून अंतिम फेरीच्या चकत्यांमध्ये रंगीत पूड भरतात आणि नेम लागताच आकाशात तिचा ढग उठतो. खेळाने प्रेक्षकांसाठी एवढे करून ठेवले आहे, आणि आमच्याकडे तो ढगसुद्धा कोणी दाखवत नाही.

हे आजचेही नाही. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन चकत्या सुटणाऱ्या प्रकारात, २०० पैकी १७९ चकत्या फोडून रौप्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक रौप्य. तरीही ते रायफलचे पदक होते असे छातीठोकपणे सांगणारी माणसे मला आजही भेटतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तो प्रकारच ऑलिंपिकमधून काढून टाकला गेला, तेव्हा आपल्याकडे किती जणांनी दोन ओळींची तरी हळहळ व्यक्त केली?

त्याच रविवारी बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीत, सुवर्ण जिंकले. ती शर्यत आम्ही सगळ्यांनी डोळे भरून पाहिली, आणि ती दाखवायलाच हवी होती. पण प्रक्षेपण करणाऱ्यांच्या, सकाळपासून मोकळ्या पडलेल्या दुसऱ्या वाहिनीवर चेनाईची शेवटची पंचवीस चकत्यांची एक फेरी दाखवायला किती वेळ लागला असता? मी तक्रार नोंदवली. आठ दिवसांनी उत्तर आले की, आपल्या इंटरनेटचा वेग तपासून पाहावा.