शिपायालाही ठाऊक असलेल्या गोष्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बालसखी प्रयोगावरील माझ्या लेखावर आपण पाठवलेली दीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात तिचा सूर तेवढा लक्षात राहिला; आपले नेमके म्हणणे काय आहे, हे शोधायला दुसरे वाचन करावे लागले. परदेशी विद्यापीठांतल्या मंडळींनी आपल्या गरीब मुलांवर प्रयोग करून नोबेल पदरात पाडून घेतले, झालेला फायदा वर्षभरात विरून गेला, यातले काहीही मराठी शिक्षकांपर्यंत पोचले नाही आणि माझ्यासारखे ‘भाडोत्री स्तुतिपाठक’ महापालिकेच्या शाळेची पायरी न चढता त्यावर लेख पाडतात, असे आपण म्हणता. त्यानंतर, बहुधा आपल्याला सर्वांत आवडलेले वाक्य येते : ‘मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून शिकवले की ती शिकतात, हे आमच्या शाळेच्या शिपायालाही ठाऊक होते, ते सिद्ध करायला अमेरिकेहून माणसे कशाला हवीत?’

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुली ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. तिसरी-चौथीतल्या ज्या मुलांना वाचन आणि साधा हिशेब येत नव्हता, अशा पंधरा-वीस जणांना बालसखी चार तासांच्या शाळेतले दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे. रिकामी खोली मिळाली तर खोलीत, नाहीतर मैदानावर किंवा व्हरांड्यात. कोणत्या शाळेत ती तिसरीला मिळेल आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवले होते, आणि त्यामुळेच तुलना शक्य झाली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांचा त्यावरील शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आपल्या वाक्याकडे वळते. त्यातला ‘शिपायालाही’ हा शब्दप्रयोग मला खटकला, हे आधी सांगते. शाळेत सर्वांत कमी अक्कल कोणाला असणार, तर शिपायाला, असे त्यात गृहीत धरलेले आहे. आपण निवृत्त मुख्याध्यापक असल्याचे आपणच लिहिले आहे, म्हणून तर ते अधिक खटकले. माझी आई मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळत असे आणि मी सातवीपर्यंत त्याच शाळेत शिकले, तेव्हा पायरी चढण्याचा आपला प्रश्न येथेच निकालात निघावा. आमच्या शाळेतले शिपाईमामा सूचनेची वही घेऊन वर्गावर्गांत फिरत आणि बाई फळ्याकडे वळलेल्या असल्या की जवळच्या एखाद्या मुलाला ती वाचायला सांगत. कोणता मुलगा वही हातात घेतो आणि कोणता ती शेजाऱ्याकडे सरकवतो, यावरून कोणाला वाचता येत नाही हे त्यांना अचूक कळत असे. म्हणजे शिपायाला ठाऊक होते, हे आपले म्हणणे शब्दशः खरे आहे. पण त्यांना ठाऊक होते ते दुखणे. त्यावरचे औषध त्यांना ठाऊक नव्हते, माझ्या आईलाही नव्हते आणि, रागावू नका, आपल्यालाही असल्याचे आपल्या प्रतिक्रियेतून तरी दिसत नाही.

आईचे उदाहरण मुद्दाम देते. तिच्या वर्गाचा पट साठीच्या आसपास असे आणि तपासणीच्या आधी पाठ्यपुस्तकाचा भाग पूर्ण झालाच पाहिजे असा दंडक होता. जोडाक्षरे न येणाऱ्या मुलांसाठी ती मधल्या सुट्टीत थांबायची. पण धडा पुढे सरकायचा तो ज्यांना येते त्यांच्याबरोबरच. निवृत्त होईपर्यंत तिचे एकच म्हणणे होते : पट कमी करा, बाकी सगळे मी बघते. मीही ते वर्षानुवर्षे प्रमाण मानले, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांनाही तेच सांगितले.

बालसखी वीस मुलांना बाहेर घेऊन गेली की वर्गात उरलेल्यांचा पट दोन तास आपोआप कमी होत होता. आईचे म्हणणे बरोबर असते, तर या उरलेल्या मुलांचीही प्रगती दिसायला हवी होती. ती दिसली नाही. नेमलेल्या शिक्षकाजवळ, लहान झालेल्या वर्गात बसलेल्या मुलांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो दहावीपर्यंत शिकलेल्या, सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधनावर काम करणाऱ्या मुलीसमोर व्हरांड्यात बसलेल्या मुलांना. दुसऱ्या वर्षाअखेर सर्व मुलांची सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, त्याच्या मापाने) वाढली होती आणि त्यातला मोठा वाटा तळाच्या मुलांचा होता. हे कोणाला आधीपासून ठाऊक होते? माझ्या आईला नव्हते. आपल्या शाळेच्या शिपायाला असेल, तर त्यांना मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवायला हवे होते.

‘हे तर सगळ्यांना ठाऊक होते’ हे वाक्य निकाल हाती आल्यानंतरच ऐकू येते, असा माझा अनुभव आहे. पश्चिम केनियातल्या शाळांत पाठ्यपुस्तकांचा तुटवडा होता. पुस्तके दिली की मुले शिकतील हे तिथेही सगळ्यांना ठाऊक होते. पॉल ग्लेवे, मायकेल क्रेमर आणि सिल्व्ही मुलँ यांनी यदृच्छेने निवडलेल्या शाळांत पुस्तके देऊन पाहिले, तर सरासरी गुण वाढलेच नाहीत; फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. कारण सरकारी पुस्तके इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या अनेक मुलांची तिसरी भाषा होती. आपल्याकडे गावोगावी उघडलेल्या इंग्रजी शाळांत हे चित्र पाहायला केनियाला जावे लागणार नाही, पण आधी तिथे मोजले गेले म्हणून ते बोलता तरी येते.

सूक्ष्म कर्जाचेही तेच. गरीब बाईच्या हाती छोटे कर्ज दिले की घर वर येते, मुले शाळेत टिकतात, घरात तिच्या शब्दाला मान मिळतो, हे साऱ्या जगाला ठाऊक होते. इतके की २००५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी सूक्ष्म कर्जाचे वर्ष म्हणून साजरे केले आणि पुढच्याच वर्षी अशी कर्जे देणारे बांगलादेशातले मुहम्मद युनूस व त्यांची ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल मिळाले. हैदराबादच्या १०४ वस्त्यांत त्याची परीक्षा झाली. कर्ज घेतलेल्यांपैकी काहींनी टिकाऊ वस्तू घेतल्या, ज्यांचा धंदा आधीच चालू होता त्यांनी त्यात भांडवल घातले. परंतु घराचा सरासरी मासिक खर्च, मुलांचे शिक्षण, घरातल्या निर्णयांत बाईचा वाटा, यांत सांगण्याजोगा बदल आढळला नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील अभ्यासांबरोबर एकाच अंकात छापला गेला आणि निष्कर्ष साधारण एकाच दिशेचे निघाले. वसुलीच्या जाचामुळे २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारला अध्यादेश काढावा लागला, तेव्हाही ‘आम्हाला हे ठाऊकच होते’ म्हणणारे पुष्कळ निघाले. ते २००५ मध्ये कुठे होते, हे विचारण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मान्य करते. हे निबंध इंग्रजीत असतात आणि आकडेवारीच्या परिभाषेने इतके जड असतात की ज्यांच्या वर्गावर ते बेतलेले आहेत त्या शिक्षकांनी ते वाचावेत ही अपेक्षाच चुकीची आहे. या बाबतीत आपली तक्रार रास्त आहे. पण मी तो लेख मराठीत लिहिला तो त्यासाठीच, आणि त्याबद्दल मला ‘भाडोत्री’ ही पदवी मिळाली. कोणत्याही संस्थेकडून मी एक पैसाही घेतलेला नाही. घेतला असता, तर या टंकलेखनाचे श्रम तरी वसूल झाले असते.

उरलेल्या आक्षेपांवर फार वेळ घालवत नाही. फायदा वर्षभरानंतर ०.१० प्रमाण विचलनापर्यंत ओसरला हे खरे आहे. ते निबंधाच्या सारांशातच छापलेले आहे, आपण काही दडवलेले उघडकीस आणलेले नाही. मुलांना ‘उंदरांसारखे’ वापरले म्हणता, तर वडोदऱ्यात प्रत्येक शाळेला बालसखी मिळाली होती, प्रश्न एवढाच होता की यंदा तिसरीला की चौथीला. ‘परदेशी मंडळी’ म्हणाल, तर अभिजित बॅनर्जी कोलकात्यात शिकले आणि ‘प्रथम’चा जन्म मुंबईचा. अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते २०१९ मध्ये, बॅनर्जी, डफ्लो आणि क्रेमर यांना, एकूण प्रायोगिक पद्धतीसाठी. एकट्या बालसखीसाठी नव्हे.

या पद्धतीवर टीका करायचीच असेल, तर ती अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी अधिक धारदारपणे आणि अधिक सभ्यपणे केलेली आहे. एका ठिकाणी काय चालले एवढे प्रयोग सांगतो, ते का चालले आणि दुसरीकडे चालेल का हे तो आपणहून सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. यावर बोलायला मला आवडले असते. हरियाणात सरकारी शिक्षकांनीच दिवसाचा एक तास मुलांचे इयत्तेनुसार नव्हे तर पातळीनुसार गट करून शिकवले, तेव्हा हिंदी सुधारले आणि गणित सुधारले नाही. असे का व्हावे, हा प्रश्न आपल्यासारख्या अनुभवी शिक्षकाने सोडवायचा आहे. पण आपण शिपायाजवळच थांबलात.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपण मागे पडलेल्या मुलांना खरोखर वेगळे बसवून शिकवले असेल, तर तिसरीत न वाचणारी मुले किती होती, त्यांतली किती चौथीला जाताना वाचू लागली आणि त्या वेळात वर्गातल्या बाकीच्यांना कोण शिकवत होते, हे सविस्तर लिहून पाठवा. मी ते एक अक्षरही न बदलता येथे छापीन. ‘भाडोत्री’सारखे शब्द मात्र यापुढे गाळले जातील.