एका दाढेचे अंदाजपत्रक

निसर्ग माणसाला दात दोन वेळा फुकट देतो. पहिला संच वीस दातांचा असतो आणि तो पैशांची समज येण्याआधीच पडून जातो. दुसरा बत्तीस दातांचा असतो, आणि त्यातील अक्कलदाढा बहुधा केवळ दुखण्यासाठीच आलेल्या असतात. तिसऱ्या वेळी मात्र दात विकत घ्यावा लागतो. माझ्या बाबतीत ही वेळ खालच्या जबड्यातील डावीकडच्या पहिल्या दाढेने आणली. दंतवैद्यकात तिचा क्रमांक ३६. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते, म्हणजे कायमच्या दातांमध्ये ती वयाने वडीलच. रूट कॅनाल आणि कॅप हे दोन्ही संस्कार निमूटपणे सोसल्यानंतर अखेर ती मुळापर्यंत उभी चिरली, आणि तिला काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

काढण्याचा खर्च किरकोळ होता. जगात पाडणे नेहमीच स्वस्त असते. खरा प्रश्न तिच्या जागी काय बसवायचे हा होता. त्याचे उत्तर मला अशा अवस्थेत मिळाले की डोळ्यांवर दिवा, ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी आणि गालाच्या आत आरसा होता. डॉक्टरीणबाईंनी इम्प्लांटचा आकडा सांगितला आणि त्यावर मी नोंदवलेला तीव्र निषेध ‘आ’ या एकाच स्वराच्या रूपाने बाहेर पडला. त्यांनी तो होकार समजून मदतनीस मुलीला कागद करायला सांगितले. घासाघीस करायला माणसाचे तोंड किमान मिटता तरी यावे लागते.

तो कागद मी घरी नेऊन चष्मा लावून वाचला, तेव्हा कळले की खुर्चीत ऐकलेला आकडा हा केवळ इम्प्लांटचा होता, आणि इम्प्लांट म्हणजे दात नव्हे. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू. त्याच्यावर अबटमेंट नावाचा जोडतुकडा बसतो, त्याच्यावर क्राऊन बसतो, आणि ज्याला मी आजवर दाढ म्हणत आलो तो केवळ हा शेवटचा भाग होय. या तिन्हींना वेगळा आकार, वेगळी किंमत आणि वेगळी तारीख होती. शिवाय स्कॅन, हिरडीला आकार देणारी तात्पुरती टोपी, माप घेणे, हाडाची भर आणि त्या भरावर घालायचा पडदा अशी मंडळी खाली ओळीने बसली होती. निसर्गाने हेच सारे एका अखंड तुकड्यात दिले होते आणि त्याचे बिल कधी पाठवले नव्हते, ही गोष्ट मला पन्नाशीनंतर प्रथमच लक्षात घेण्याजोगी वाटली.

स्क्रूच्या किमतीबद्दल माझा आक्षेप मात्र शास्त्रीय होता. हा स्क्रू टायटॅनियमचा असतो, त्याचा व्यास साधारण चार मिलिमीटर आणि लांबी दहा मिलिमीटरच्या आसपास असते. घनता लक्षात घेऊन मी हिशेब मांडला, तर त्याचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरले. टायटॅनियम ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे; पृथ्वीच्या कवचात विपुलतेने आढळणाऱ्या मूलद्रव्यांत त्याचा क्रमांक नववा लागतो. त्याचे ऑक्साइड भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते आणि कित्येक टूथपेस्टमध्येही असते, म्हणजे ज्या मूलद्रव्यासाठी मला आता एवढी रक्कम मोजायची होती ते मी वर्षानुवर्षे रोज सकाळी बेसिनमध्ये थुंकत आलो होतो. हा मुद्दा मी पुढच्या भेटीत, या वेळी तोंड रिकामे असताना, डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “किंमत धातूची नाही हो. तो आत गेल्यावर बाहेर येत नाही, याची आहे.”

या एका वाक्यामागचा इतिहास मी नंतर वाचला आणि माझे अर्धे भांडण तिथेच संपले. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे स्वीडिश संशोधक १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक नाजूक डबी बसवली होती. ती महाग असल्यामुळे प्रयोग संपल्यावर काढून पुन्हा वापरण्याचा त्यांचा विचार होता, असे सांगतात. डबी निघेना. हाडाने तिला आपलेसे करून टाकले होते. म्हणजे ज्या उपचाराने घरोघरची अंदाजपत्रके कोलमडतात, त्याचा उगम एका काटकसरी माणसाच्या फसलेल्या बचतीत आहे! पुढे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, तरीही दंतवैद्यकाच्या जगाने या कल्पनेचा मनापासून स्वीकार करायला १९८२ मधील टोरांटोची परिषद उजाडावी लागली. पहिल्या रुग्णाचे इम्प्लांट मात्र या वादाकडे लक्ष न देता चाळीस वर्षांहून अधिक काळ, म्हणजे त्याच्या अखेरपर्यंत, काम करीत राहिले.

ही चाळीस वर्षे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितली. एकूण रकमेला चाळीसने आणि मग तीनशे पासष्टने भागले की रोजचा खर्च अगदीच नगण्य निघतो, हेही दाखवले. बायकोने कागद पाहिला आणि विचारले, “अहो, पण तुम्ही आणखी चाळीस वर्षे चावणार आहात का?” वयाचा मुद्दा असा हिशेबात आणणे मला योग्य वाटले नाही, परंतु भागाकार तिथेच थांबला. शिवाय ते आयुष्य स्क्रूचे. वरचा क्राऊन साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलावा लागू शकतो.

स्वस्त पर्याय शोधणे हे गृहस्थाचे कर्तव्य असते आणि ते मी पार पाडले. एका ठिकाणी जवळजवळ निम्मा दर सांगण्यात आला. बारकाईने विचारल्यावर कळले की तो फक्त स्क्रूचा दर आहे. अबटमेंट आणि क्राऊन ‘नंतर बघू’ या सदरात आहेत. दुसऱ्या ठिकाणी ‘आजीवन हमी’ होती. ती स्क्रू बनवणाऱ्या कंपनीची होती आणि तिचा अर्थ असा की स्क्रू निकामी झाला तर नवा स्क्रू फुकट मिळेल. तो जुना काढणे, हाड पुन्हा भरणे, नवा बसवणे आणि त्यावर नवा डोलारा उभारणे हा माझा आणि डॉक्टरांचा खासगी मामला राहील. तेव्हापासून मी कोणत्याही दरपत्रकात काय लिहिले आहे याआधी काय लिहिलेले नाही ते वाचतो, आणि इम्प्लांटच्या वाटेला जाणाऱ्या प्रत्येकाने तसेच वाचावे असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. एका कंपनीचे भाग सहसा दुसऱ्या कंपनीच्या स्क्रूवर बसत नाहीत, त्यामुळे आपल्या तोंडात कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा स्क्रू आहे याचे कार्ड मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. पुढे क्राऊन सैल झाला आणि मूळचे डॉक्टर भेटले नाहीत, तर त्या कार्डावाचून सारी हत्यारे अंदाजाने चालवली जातात.

ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने मधला खोटा दात बसवण्याचा, पर्यायही होता. तो सुरुवातीला कमी खर्चाचा असतो आणि लवकर होतो, मात्र त्यासाठी मधल्या पोकळीच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर टोप्या चढवाव्या लागतात. माझे शेजारचे दोन्ही दात धडधाकट होते. गुन्हा एकाने करावा आणि शिक्षा दोघा शेजाऱ्यांना व्हावी हे मनाला पटेना. काहीच न करणे हा सर्वांत स्वस्त पर्याय माझ्या एका मित्राने सुचवला. “बाकीचे दात कशाला आहेत?” असे त्याचे म्हणणे होते. त्याला दातांचा स्वभाव ठाऊक नव्हता. मोकळी जागा दिसली की मागचा दात तिच्यात झुकतो आणि समोरच्या जबड्यातला दात तिच्या दिशेने उतरू लागतो. जबड्याचे हाडही स्वस्थ बसत नाही. दात निघाल्यावर पहिल्या वर्षभरातच त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते.

हाडाच्या भरीची ओळ आमच्या कागदावर आली ती याच कारणाने. भर कशाची, या माझ्या प्रश्नावर डॉक्टरीणबाईंनी पर्याय सांगितले: स्वतःचेच हाड दुसरीकडून काढून घ्यावे, दात्याचे वापरावे, जनावराच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेले दाणे घ्यावेत किंवा संपूर्ण कृत्रिम घ्यावेत. एका लहानशा कुपीतली ती पांढरी भुकटी पाहिली आणि तिचा दर वजनावर काढला, तेव्हा टायटॅनियमवरचा माझा सारा राग निवळला. तुलनेने स्क्रू फारच माफक होता.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण भूल चांगली होती. हाड तापून सुमारे ४७ अंशांपलीकडे गेले आणि मिनिटभर तसेच राहिले तर ते मरू लागते, म्हणून थंड सलाइनचा फवारा सोडत बेताच्या गतीने भोक पाडले जाते. हे काम बघता बघता संपले आणि हिरडीला टाके पडले. मग हाड स्क्रूला धरेपर्यंतचे काही महिने सुरू झाले. या काळात खर्चाचा मोठा भाग झालेला असतो आणि दाखवायला मात्र काहीही नसते. टाके काढणे, तपासणी, स्कॅन, माप, पुन्हा माप यांसाठी ज्या खेपा घालाव्या लागल्या, त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेले कामाचे दिवस कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हते. घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने, या म्हणीतले घोडे आणि शिंगरू दोन्ही मीच होतो.

क्राऊन झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या, टणक सिरॅमिकचा ठरला. त्याच्या रंगासाठी माझ्यापुढे सोळा छटांची एक पट्टी धरण्यात आली. आजवर मी माझे दात पांढरे समजत होतो. पट्टीवर ते पांढऱ्या टोकापासून इतक्या लांब निघाले की मी क्षणभर पट्टी उलटी धरली आहे का याची खात्री करून घेतली. जी दाढ मला स्वतःला आरशातही धडपणे दिसत नाही, तिचा पिवळटपणा शेजारच्यांशी अचूक जुळावा म्हणून प्रयोगशाळेतील एक कारागीर रंगकाम करणार होता, आणि त्याची मजुरी बिलात समाविष्ट होती. खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे असतात, पण दर दोघांनाही दाखवायच्या दातांचाच लागतो.

अखेर क्राऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी निळा कागद दातांत धरायला लावून चावा तपासला, उंच जागा घासली आणि मग काळजीच्या सुरात सांगितले की नैसर्गिक दाताभोवती दाब झेलणारे तंतू असतात तसे इम्प्लांटभोवती नसतात, म्हणून झोपेत दात खाण्याची सवय असल्यास तिचा बंदोबस्त करावा लागेल. त्यांना इतर दातांवर तशा झिजेच्या ताज्या खुणा दिसत होत्या.

“रात्री दात-ओठ खाता का? केव्हापासून?”

“अंदाजपत्रक मिळाल्यापासून,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, तोच कागद पुढे ओढला आणि तळाच्या ओळीखाली नाईट गार्ड लिहिले.